तिळाचं साल

भागिरथाबाईचं तोंड तिखट, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिच्या तोंडी लागू नका, असं सासवा नव्या सुनांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवत. पौष लागला की पारावरची रिकामटेकडी मंडळी तिला मुद्दाम छेडायची. "भागिरथे, संक्रात आली. आता तरी गोड बोल." ती डोक्यावरचा भारा न उतरवता म्हणायची, "पहिले गोड चारा, मंग बोलीन." मंडळी हसायची आणि पुन्हा बिडी पेटवायची.

गाव केनवडच्या बाजारापासून दोन कोसांवर. नाव सांगत नाही. सांगितलं तर शेजारची गावं छाती पुढं काढून म्हणतील, आमच्याकडं असलं काही नव्हतं. सगळीकडं होतं. हिच्या गावाबद्दल कोणीतरी बोललं, एवढाच काय तो फरक.

तिचा राग समजून घ्यायचा तर तिच्या आईपासून सुरुवात करावी लागते. आई पंचफुला. भागिरथा सात-आठ वर्षांची असताना संक्रांतीच्या दिवशी आईचं बोट धरून पाटलाच्या दारी जायची. गावातल्या बायका आत जाऊन हळदीकुंकू लावून घ्यायच्या, तेव्हाची पाटलीण एकेकीच्या हातावर लाडू ठेवायची आणि म्हणायची, तिळगूळ घ्या, गोड बोला. पंचफुलानं मात्र अंगणाबाहेर पदर पसरून उभं राहायचं. पाटलीण पायरीवर यायची, हातभर वरून लाडू सोडायची आणि म्हणायची, "घे." गोड बोला, एवढंही नाही. एकदा लाडू पदरातून निसटून धुळीत पडला आणि आईनं तो उचलून, फुंकून लेकीला दिला. भागिरथानं खाल्ला, कारण लहान पोर गोड कसं सोडणार? पण त्या घासाची लाज तिला जन्मभर पुरली.

पुढं छप्पन साली गावाबाहेरच्या पुऱ्यातल्या आमच्या लोकांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. कोणाच्या दारी पदर पसरायचा नाही, असं ठरलं आणि ते पाळलंही. त्याच्या पुढच्याच वर्षी भागिरथाचं पुऱ्यातल्याच देवमनशी लग्न झालं. सासर-माहेर एकाच विहिरीवर. देवमन पाटलाच्या वावरात राबायचा, ती निंदणी-खुरपणीला जायची. धर्म बदलला, मजुरी तीच राहिली.

आणि तीळही तेच राहिले. आता हे नीट ऐका, कारण सगळी गोष्ट यावर आहे. तीळ कापायचे आमच्या लोकांनी. पेंढ्या उभ्या करायच्या, वाळल्या की कापडावर उलट्या करून झटकायच्या, पाखडायचे, खडे निवडायचे, ते सगळं पुऱ्यातल्या हातांनी. त्याला विटाळ नव्हता, कारण तीळ कोरडे. कोरड्या धान्याला विटाळ लागत नाही, असा या गावचा कायदा. पाणी लागलं की मात्र विटाळ. ज्यानं कोणी हा कायदा काढला त्यानं आपल्या फायद्याची बाजू बरोबर पाहिली होती, कारण कष्टाची सगळी कामं कोरडी निघाली.

पण मानाच्या तिळगुळाला काळपट तीळ चालत नाहीत. पांढरेशुभ्र लागतात. त्यासाठी तीळ भिजवायचे, गोणपाटावर तळहातानं घासायचे, साल सुटलं की धुऊन काढायचे आणि उन्हात वाळवायचे. जोर जास्त झाला तर दाणा फुटतो, कमी पडला तर साल राहतं आणि लाडू कडवट लागतो. हे काम पाटलीण लिलाबाई स्वतः करायच्या, असं गाव समजत होतं. मारुतीपुढं पहिला लाडू त्यांच्या घरचा आणि मग पारावर सगळ्या गावाला. लिलाबाईंच्या हाताला काय गोडी आहे, असं म्हणत लोक बोटं चाटायचे.

लिलाबाईंचं मनगट सहासष्ट सालीच धरलं होतं. त्या वर्षी गोठ्यात तीळ पाखडत बसलेल्या भागिरथाजवळ येऊन त्या हळूच म्हणाल्या, "भागिरथे, एवढे घरी ने अन् धुऊन, वाळवून आण. कोणाले सांगजो नको." भागिरथानं नेले. पुऱ्यातल्या विहिरीच्या पाण्यात भिजवले, घासले, धुतले, वाळवले. पाटलाच्या घरातून कोरडे तीळ गेले, कोरडेच परत आले. कायदा शाबूत राहिला.

असं सहा संक्रांती चाललं. ती गप्प का राहिली? देवमनचं काम पाटलाकडं होतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे तिला त्यात मजा वाटायची. संक्रांतीच्या दुपारी पारावर लोकांना बोटं चाटताना ती लांबून बघायची आणि पदरात तोंड लपवून हसायची. तेवढी एकच गोड गोष्ट तिनं मनात ठेवली होती.

बाहत्तर साली पाऊस आलाच नाही. पौषात पुऱ्याच्या विहिरीत हातभर गाळ आणि वर वाटीवाटीनं भरावं लागेल एवढं पाणी उरलं. गावाची सरकारी विहीर पाराला लागून, सुरुंग लावून खोल केलेली. तिला पाणी होतं. पुऱ्यातली माणसं उकंडराव पाटलाकडं गेली. पाटील म्हणाले, "तुमी धर्म बदलला ना? मंग मारुतीजवळच्या विहिरीवर कायले येता?" विहीर सरकारी, मारुती शेजारी. पण पाटलांनी दोन्ही एका दाव्याला बांधले. लोक परत आले. बायका एकेका घागरीसाठी ओढ्याच्या झऱ्यापर्यंत अर्धा कोस जायला लागल्या.

आणि संक्रांतीला सहा दिवस असताना लिलाबाईंनी तिळाची टोपली पाठवली.

भागिरथा त्या टोपलीकडं बराच वेळ बघत बसली. शेजारीच तिची घागर होती, तळाला पाणी. त्या पाण्यात घरच्या पाच माणसांना दिवस काढायचा होता. त्यातलं पाणी पाटलाच्या तिळाला. ज्यांनी प्यायला थेंब दिला नाही त्यांच्या लाडवाला. सहा वर्षांची मजा एका क्षणात विटली. आपण हसत होतो कशाला, हेच तिला कळेना. ते खात होते आणि मान घेत होते, आपण फक्त हसत होतो. तिला पाटलाचा जेवढा राग आला तेवढाच स्वतःचाही आला.

देवमन म्हणाला, "टोपली वापस दे. बिमार हावो म्हन. गोड बोलून घे."

"गोडच बोलतो म्हणून हे दिवस आले," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन निघाली.

पारावर ऊन खात गाव बसलं होतं. मधोमध उकंडराव, शेजारी शाळेचे भिवाजी गुरुजी. भागिरथानं टोपली पाटलासमोर जमिनीवर ठेवली.

"पाटील, हे तुमच्या घरचे तीळ. धुवाले माह्या घरी पाणी नाइ."

"तुले धुवाले कोणं सांगतलं?"

"तुमच्याच घरातून. सहा वर्सापासून मीच धुतो. आमच्या विहिरीच्या पाण्यात."

 पारावर एकदम दहा तोंडं सुरू झाली. लिलाबाईंना बोलावणं गेलं. घर समोरच. त्या डोक्यावरून पदर घेऊन आल्या, टोपली पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. भागिरथा त्यांच्याकडं बघत होती. सहा वर्षं तिनं या बाईचा शब्द पाळला होता. आता या बाईनं एक शब्द खरा बोलायचा होता, बस.

"मी कायले देईन धुवाले?" लिलाबाई म्हणाल्या. "निवडाले देल्ले होते. खोटं बोलते थे."

"ऐकलं?" पाटील म्हणाले.

भागिरथा एक पाऊल पुढं झाली. "मंग धुऊन दाखवतो. इथीच. तुमच्या घरातल्या कोण्या बाईले येत असन तं तिलेबी बसवा माह्या बाजूले. कोणाचा हात हाय ते गाव सांगन."

"दाखव," पाटील म्हणाले. खोटी पाडायची त्यांना घाई झाली होती. "मीबी पाह्यतो."

विहिरीच्या काठावर कोणाचीतरी दोर-बादली पडली होती, बाजूला एक घमेलं. भागिरथानं ती उचलली, विहिरीत सोडली, पाणी ओढलं, घमेल्यात ओतलं आणि त्यात पसाभर तीळ टाकले. सगळं गाव डोळे लावून तिळाकडं बघत होतं.

तीळ भिजायला घटकाभर लागते. तोवर करायचं काय? भिवाजी गुरुजींना शांतता सोसेना. त्यांनी संक्रांत कशी सुरू झाली ते सांगायला घेतलं. संकरासुर नावाचा राक्षस फार माजला, देवीनं संक्रांतीचं रूप घेऊन त्याला मारलं, म्हणून हा सण. माणसांनी माना हलवल्या.

"गुरुजी," भागिरथानं घमेल्यात हात फिरवत विचारलं, "त्यानं केलं काय होतं?"

"कोणी?"

"थ्या राक्षसानं. त्याचा गुन्हा काय होता? का पाणी मांगतलं होतं?"

गुरुजींच्या पुस्तकात ते नव्हतं. ते उपरणं झटकायला लागले.

"मी सांगतो संक्रात कशी सुरू झाली," ती म्हणाली. "तीळ निघते, थंडी पडते, अंगाले तेल पाह्यजे, म्हणून मान्सं तीळ खातेत. ज्यानं पह्यल्यांदा कापले त्यानं पह्यल्यांदा खाल्ले असन. वरून टाकाची रीत मंग कोणंतरी काढली."

बोलता बोलता तिनं टोपलीवर झाकलेलं गोणपाट पसरलं, भिजलेले तीळ त्यावर घेतले आणि तळहातानं घासायला सुरुवात केली. गोल, सावकाश, मनगट सैल सोडून. तपकिरी साल सुटून गोणपाटाला चिकटू लागलं. पाटलाच्या घरातली एकही बाई पुढं आली नाही. लिलाबाई आपलं धरलेलं मनगट दुसऱ्या हातात घेऊन उभ्या होत्या, आणि ते सगळ्यांनी पाहिलं.

साल धुऊन काढायला पुन्हा पाणी हवं होतं. भागिरथा उठली, बादली सोडली. तेव्हा कुठं एकाच्या डोक्यात उजेड पडला.

"अरे, हे तं विहिरीचं पाणी काढून राह्यली."

भागिरथानं बादली वर ओढून काठावर टेकवली. "पह्यल्या बादलीले काहून नाइ बोलले? पाटील म्हणे दाखव. म्हणून काढलं."

पाटील पारावरून उठून उभे राहिले. तिनं पाणी ओतलं, तीळ खंगाळले, साल वाहून गेलं. मग डोक्याच्या चुंबळीचं कापड उलगडून त्यावर ते पसरले. पांढरेशुभ्र, एक दाणा फुटलेला नाही. मारुतीच्या पायाशी दर वर्षी ठेवलेले तीळ गावानं ओळखले. 

"सहा संक्राती तुमी आमच्या विहिरीचं पाणी खाल्लं," ती म्हणाली. "कोणाचे दात पडले? कोणाचा देव पळाला? अन् आमाले प्याले नाइ म्हणता?"

"फेका ते तीळ," उकंडराव ओरडले.

"हे कायले फेकता? हे तं तुमच्याच विहिरीच्या पाण्यानं धुतले." तिनं ते पसाभर तीळ आपल्या पदरात बांधले, बाकीची टोपली जागच्या जागी ठेवली आणि लिलाबाईंकडं वळली. "पाटलीणबाई, मी कोणाले सांगतलं नव्हतं. तुमी खोटं बोलल्या." एवढं म्हणून ती पुऱ्याच्या वाटेला लागली. 

दुसऱ्या दिवशी सकाळी ती घागर घेऊन सरकारी विहिरीवर गेली. मागून पुऱ्यातल्या अकरा बायका. पारावरून शिव्या आल्या, एक दगड आला, घागर फुटली. तिनं दुसरी आणली. पाटलांनी फर्मान काढलं, पुऱ्यातल्या कोणाला कामावर घ्यायचं नाही. पण दुष्काळात काम होतं कुठं? अर्धं गाव सरकारी रस्त्यावर खडी फोडत होतं, दुपारची सुकडी एकाच घमेल्यातून खात होतं आणि एकाच टाकीचं पाणी पीत होतं. तिथं विटाळ कोणाला आठवला नाही. चार दिवसांत पाराच्या शिव्याही थकल्या. बायका पाणी नेत राहिल्या.

संक्रांतीलाही खडीचं काम चालू होतं. तांड्यावरची हिरीबाई भागिरथाच्या शेजारी बसून दगड फोडायची. त्या दिवशी ती गावातून उशिरा आली आणि पदराच्या टोकाची गाठ सोडून एक लाडू पुढं केला.

"पारावर वाटून राह्यले. तुह्यासाठी आणला. खाऊन तं पाह्य."

हिरीबाईनं तो हातावर ठेवला, वरून सोडला नाही. भागिरथानं एवढाच विचार केला आणि तोंडात घातला. लाडू काळपट होता. चावताच सालाचा कडवटपणा जिभेभर पसरला.

"कसा हाय?"

"कडू."

"सारे तं गोडच म्हणून राह्यले," हिरीबाई म्हणाली. "पाटील सोता म्हणे, यंदाच्या तिळाले लय गोडी. मारुतीपासून गुरुजीपरेंत साऱ्याहिनं खाल्ला."

भागिरथानं दातात अडकलेलं साल जिभेनं सोडवून थुंकलं आणि हातोडा उचलला.

"खाऊ दे," ती म्हणाली. "कडू खाऊन गोड बोलनं काय राह्यते, ते शिकू दे आता त्याहिले. आमचं शिकून झालं."