ओल्या लाकडाची शेड

वादळात आमच्या भिलाईच्या घरामागचं बाभळीचं झाड पडलं, तेव्हा यांनी ठरवलं की त्याच लाकडाची सामानाची शेड उभी करायची. सारी नोकरी यांची कारखान्यात, लोखंडासोबत गेलेली. भाड्याने मशीन आणून खांब, फळ्या घरीच चिरल्या, खांब जमिनीत गाडले, पावर हाउसच्या बाजारातून लोखंडी पट्ट्या आणून बोल्ट गच्च आवळले.

मी म्हटलं, "अहो, लाकूड ओलं आहे जी. वाळलं की आकसते, बोल्ट थोडे ढिले ठेवा."

"तू भाकरी पाहा. माझे बोल्ट हालत नाहीत."

मग ऊन तापलं. हे पत्रे ठोकायला वर चढले, मी खाली शिडी धरून उभी. तेवढ्यात कट्ट आवाज झाला. पाहते तर बोल्टपाशी खांबाला उभी चीर!

"उतरा ना जी, लवकर!"

"कावून ओरडून राहिली?"

"पहिले उतरा, मग सांगते!"

उतरले. चिरेत बोट घालून पाहिलं, खांबाला टेका दिला अन् एकेक बोल्ट ढिला करू लागले.

"आता थोडं हाललं तं चालते," म्हणाले, अन् पुन्हा वर पाहू लागले. मी शिडी उचलली, घरात नेली अन् दाराला कडी लावली.