काकांचं नाक

शहरातल्या मस्तगड भागात माझं स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापणं हा रोजचा धंदा. गाव भोकरदनकडे, आणि तेव्हा गावचे सरपंच होते माझे चुलत काका.

त्या उन्हाळ्यात मी गावी गेलो, तेव्हा वहिनी विहिरीवरून घागर घेऊन येत होती. म्हणाली, "नळाला पाणी न्हाई, पण पाणीपट्टी वाढवून राह्यले. आता तुमीच बोला काकांशी."

बोलून पाहिलं होतं. काकांनी चहा पाजून वाटेला लावलं होतं.

मग मी दुकानात परतून चित्र काढलं. भलामोठा नळ, त्याला झुपकेदार मिशा आणि फुगलेलं नाक. तोंडातून पाण्याऐवजी लांब जीभ लोंबतेय आणि खालच्या रिकाम्या घागरीचा तळ चाटतेय. पत्रिकांच्या उरलेल्या पिवळ्या कागदावर ते छापलं आणि पहाटे गावात पारावर, पिठाच्या गिरणीवर स्वतः चिकटवलं. दुपारपर्यंत सगळे कागद फाडले गेले. मी परत छापले.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात आले. कागद टेबलावर ठेवला.

"हे नाक माझं हाय ना?"

"मी कुणाचं नाव लिहिलं न्हाई, काका. तुमीच वळखलं."

 काका आवाज खाली आणून म्हणाले, "पंचायतीची छपाई सगळी तुझ्याकडंच येती. इचार कर."

"केला इचार. ती दुसरीकडं द्या."

ग्रामसभेत त्यांनी तोच कागद वर धरला. "गावाची बदनामी कोण करून राह्यलं, ते उभं राहावं."

मी उभा राहिलो. "मी काढलं. यात खोटं काय ते सांगा, मी कागद भर सभेत फाडतो."

 मागं बसलेल्या एका म्हातारीला हसू आवरेना. "मिशा बराबर उतरल्यात," ती म्हणाली, आणि सगळी सभा हसू लागली. काकांनी कागदाची घडी केली आणि खाली बसले. त्यानंतर बायाच बोलल्या. नळाला पाणी आल्याशिवाय वाढीव पट्टी घ्यायची नाही, असा ठराव त्यांनी लिहून घेतला, तेव्हाच उठल्या.

पंचायतीची छपाई गेली. काकांच्या घरच्या लग्नाची पत्रिका दुसऱ्यानं छापली, आणि ती मला आलीही नाही. आई अजून म्हणते, "मोठं माणूस हाये, माफी माग."

मी मागितलेली नाही.