मामूचा नकार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अम्मीलाही नाही. सभेत माइक हातात आला की मला थांबवावं लागतं, पण हे मात्र ओठांपर्यंत येतं आणि — मागे जातं.

माझ्या मामूचं कारंजा गावात गाद्या-रजयांचं दुकान होतं. मला तो ‘पुढारीण’ म्हणायचा. मी पत्रक छापलं की प्रत्येक गादीसोबत एक द्यायचा. "भाचीनं लिवलं. वाचून झोप उडंल, पन गादी चांगली हाये."

त्याला फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. उभ्या जन्मात बिडी ओढली नव्हती त्यानं! सगळ्यांनी कापसाच्या धुळीला दोष दिला. नागपूरच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. एका ठरावीक जीनमध्ये बिघाड असेल तर नेमकी त्यावरच काम करणारी नवी गोळी होती — अजून चाचणीतली. बिघाड सापडला तर चाचणीत घेऊ, म्हणाले. मामू हरखला. नंबर माझा दिला. आमच्या घरात दवाखाना असो की बँक, नंबर शिकलेल्या पोरीचाच देतात.

फोन आला. बिघाड सापडला होता. पेशंटला घेऊन या, दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या.

आणि मी? त्याच आठवड्यात माझं पत्रक निघालं होतं — ‘गरिबांची शरीरं म्हणजे प्रयोगशाळा नव्हे!’ पार कामरगावपर्यंत वाटलेलं. आता माझाच मामू चाचणीत गेला, तर लोक काय म्हणतील? एवढंच आलं मनात. खरंच, एवढंच.

"पेशंट तयार नाहीत," मी म्हणाले.

मामूला सांगितलं, तो बिघाड सापडला नाही. तो गादीला टाके घालत होता. माझ्याकडे पाहून त्यानं सुई बाजूला ठेवली.

"कायले रडून राह्यली, पुढारीण? तुह्या हातात काय होतं?"

आणि स्वतः उठून माझ्यासाठी चहा सांगितला.

पुढे तो गेला. गोळी लागू पडली असती का? माहीत नाही. औषध कंपन्यांवर माझा आजही विश्वास नाही, त्यांना जाब विचारणं मी सोडणार नाही. पण रुग्णाला सगळं सांगा, मग त्याची संमती घ्या — हे मीच छापते ना?

नागपूरच्या त्या दवाखान्यात अजूनही असंच समजत असतील, की मामू नाही म्हणाला. तो नाही म्हणाला नव्हता. त्याला मी विचारलंच नव्हतं.