फक्कीची रेघ

माझी धाकटी बहीण सोळा वर्षं जगली आणि त्यातली निदान चौदा वर्षं ती अखंड बोलत होती. आई भाकरी थापायला बसली की ही मागे उभी राहून सुरू व्हायची, "भाकरी तव्यार पडली आसा, प्रेक्षकांचे श्वास रोखलेले आसत, आणि करपली." आई उलथनं उगारायची, ही पळायची, आणि पळता पळता स्वतःच्या पळण्याचंही वर्णन करायची. क्रिकेटचं समालोचन तिने आधी आमच्या चुलीपुढे केलं. मैदान नंतर आलं.

आमचं गाव शिरोडा आणि रेडीच्या मधलं. भात कापून झालं की मळ्यातले बांध जरा सपाट करायचे, चुन्याच्या फक्कीने सीमारेषा आखायची, मांडव घालायचा, की झालं मैदान. जानेवारीत तिथे टेनिस चेंडूची स्पर्धा. त्या वर्षी बाहेरून बोलावलेल्या समालोचकाचा घसा दुसऱ्याच दिवशी बसला. मंडळाची माणसं कपाळाला हात लावून बसली होती, तेवढ्यात ही दहावीतली पोरगी स्पीकरवाल्या काकांच्या टेबलापाशी जाऊन म्हणाली, "काका, दोन ओव्हर बोलू काय?"

सुरुवात अगदी रेडिओसारखी. "पूर्वेकडून गोलंदाज सज्ज झालेले आहेत, क्षेत्ररक्षण चोख लावण्यात आलेले आहे." कचेरीत अर्ज द्यायला गेल्यासारखी शुद्ध मराठी. ती तीन चेंडू टिकली. चौथ्याला गोलंदाज असा लांबून धावत आला की हिला राहवेना. "निघालो, निघालो, अजून निघालोच आसा, मेल्या खंय चललंस, शिरोड्याक?" सगळा मळा हसला. गोलंदाजही हसला आणि त्याचा चेंडू वाइड गेला.

मग काय विचारता. दुसऱ्या दिवशी बायका जेवणं आटपून, पोरं काखेला मारून मळ्यात आल्या. त्यांना क्रिकेट कळत नव्हतं, पण हिचं बोलणं कळत होतं. षटकार गेला की ही सांगायची, "चेंडू सावंतवाडीची यष्टी धरून गेलो, आता सांजेक परत येतलो." झेल सुटला की तो सोडणाऱ्याच्या आईला माइकवरून विचारायची, आज ह्येका जेवूक वाढतलंस काय? आणि मी फलंदाजीला उतरलो की तिला चेवच चढायचा. "आमचे बंधुराज आलेले आहेत. पंचांनी चहा सांगूक हरकत नाय. पयलो रन काढूक ह्येंका येळ लागता." मी लांबून बॅट दाखवायचो. "बंधुराज माका मारूची धमकी देतत. बॉलाक मारल्यांनी तर बरा." मी चिडून बॅट फिरवायचो आणि हमखास बाद व्हायचो. पण खरं सांगतो, मला ते आवडायचं. माझ्या नावाने एवढी माणसं त्याआधी कधी हसली नव्हती.

आणि आमचा संघ जिंकत गेला. का ते देव जाणे, पण गेला. पहिला सामना, दुसरा, उपांत्य, आणि मग अंतिम. समोर खाडीपलीकडचा संघ. फिरता चषक आमच्या गावात कधीच आला नव्हता. मळ्याच्या कडेच्या माडांवर पोरं चढून बसली होती, मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि हिचा आवाज टिपेला पोचला होता. शेवटचा चेंडू. त्यांना पाच धावा हव्या, म्हणजे षटकारच. मी सीमारेषेवर, अनवाणी.

चेंडू उंच उठला. इतका उंच, की माडाच्या शेंड्याआड दिसेनासा झाला. मी मागे सरलो, अजून मागे, हात वर. "बंधुराज खाली आसत, बंधुराज मागे जातत, बंधुराजांनू, डोळे उघडे ठेवा." चेंडू हातात बसला. त्याचा चटका मला अजून तळव्यात आठवतो. आणि त्याच क्षणी डाव्या टाचेखाली काहीतरी मऊ, भुसभुशीत लागलं.

"झेल, झेल, दादान झेल..." इथे तिचा आवाज तुटला. मग माइकवरून हळू, पण सगळ्या मळ्याला ऐकू गेलं, "दादाचो पाय रेघेक लागलो."

तोवर माणसं आत घुसली होती आणि फक्कीचा मागमूस उरला नव्हता. पंच म्हणजे दुसऱ्या गावचे एक शाळामास्तर, धापा टाकत माझ्याकडे आले. आमच्याकडे कॅमेरे नसतात. अशा वेळी झेल घेणाऱ्यालाच विचारतात आणि त्याचा शब्द शेवटचा धरतात. मास्तर म्हणाले, "देवाक स्मरान सांग. पाय लागलो?"

मी डावी टाच उजव्या पोटरीला घासली आणि म्हटलं, "नाय."

मला खांद्यावर घेतलं, गुलाल उधळला, ढोल आला. वरून मला दिसत होतं, मंडळाचे अध्यक्ष हिच्या हातातून माइक काढून घेत होते. "आपल्याच भावाक उघड्यार पाडतंस? डोळे तपासून घे आधी. फुडल्या वर्षी माइकाक हात लावचो नाय." ती माझ्याकडे बघत होती. मी एक शब्द बोललो असतो तर पुरे होता. मला लाज वाटली, नाही असं नाही. पण चषक हातात असताना लाज फार वेळ टिकत नाही.

घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "माका दिसला ता मी सांगलंय." आणि माझी पॅंट घेऊन विहिरीवर गेली. आयुष्यात माझा रुमालही न धुतलेली मुलगी त्या दिवशी माझी पॅंट घासून आली. पोटरीवरचा पांढरा डाग गेला होता.

गावात मात्र तिला खूप दिवस चिडवत राहिले. दुकानात गेली की कोणीतरी म्हणायचं, आली गो आंधळी पंच. ती हसण्यावारी न्यायची. घरात तिचं समालोचन चालूच होतं. दहावीचा निकाल लागला, सावंतवाडीच्या कॉलेजात नाव घातलं. मी तिथेच मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो. रोज सकाळच्या एसटीने एकत्र जायचं असं ठरलं. आम्ही बरोबर सव्वीस दिवस गेलो.

लावणीला ती चिखलात उतरली आणि चार-पाच दिवसांनी ताप आला. भिजल्याचा ताप, आम्ही म्हटलं. तो उंदरांच्या मुतातून येणारा ताप होता. आधी सावंतवाडी, मग रुग्णवाहिकेतून गोव्याचं मोठं इस्पितळ. डोळे पिवळे झाले होते, तरी ही सलाइन लावणाऱ्या नर्सला ऐकवत होती, "सुई धावत येता, येता, शीर हुकली, वाइड." नर्स हसली. त्या दुपारी मी तिच्या उशाशी बसलो होतो आणि सांगणार होतो. ओठांवर आलं होतं. मग वाटलं, एवढ्या आजारात कशाला, उद्या सांगू. पहाटे ती गेली.

पुढच्या जानेवारीत मळ्यात पुन्हा मांडव उभा राहिला. ज्यांनी माइक काढून घेतला त्यांनीच माइक धरलेला तिचा फोटो फलकावर छापला होता. मला संताप आला, पण संतापायला मी कुठला मोठा साव. फिरता चषक परत द्यायचा म्हणून मी तो घेऊन आलो होतो. आईही आली होती, बायकांत आंब्याखाली बसली होती.

स्पर्धेआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. गावचे वयस्कर मानकरी हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां आज हय खेळूक उभी आसत." सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. "वर्षभरात कोणाकडसून काय चुकला माकला आसात, ता पदरात घे." व्हय म्हाराजा. माझं तोंड उघडेना. त्याच देवाचं नाव घेऊन मी तिला खोटं पाडलं होतं.

मी स्पीकरवाल्या काकांच्या टेबलापाशी गेलो आणि माइक उचलला. "गेल्या वर्षी माझो पाय रेघेक लागललो. मी देवाक स्मरान खोटा बोललंय. माझ्या भयणीन सांगल्यान ता खरा होता."

अध्यक्ष खाली बघत राहिले. खाडीपलीकडचा कप्तान आला आणि चषक घेऊन गेला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही आणि त्याचं बरोबरच होतं.

मी आंब्याखाली आईजवळ जाऊन बसलो. तिने सरकून मला जागा करून दिली. मग म्हणाली, "माका ठावक होता."

"कसा?"

"तुझी पॅंट धुताना तिनाच सांगल्यान. मी उठलंय, म्हटलंय आताच जाव्न सगळ्यांक सांगतंय. तर माझो हात धरून माका बसवल्यान."

"काय म्हणाली?"

आईने पदराने तोंड पुसलं. "म्हणाली, रवांदे गो आई. दादा सांगतलो. पयलो रन काढूक तेका येळ लागताच."