वरच्या फळीवरचं ताट

मी केमिस्ट्री शिकवते. वीस वर्षं होतील आता. वर्गात कुणी लिंबू-मिरचीचा विषय काढला की मी त्याला फळ्यापाशी उभं करून सायट्रिक ॲसिडचं सूत्र लिहायला लावते. आमच्या जैनांच्या घरात उपास-तापास भरपूर, पण अंगारे-धुपारे, भुतंखेतं असलं काही कधीच नव्हतं. तेव्हा इथल्या जाणकारांनी 'मॅडम, तुम्ही मनानं हळव्या असाल' वगैरे लिहू नये ही विनंती. मी हळवी नाही, घरात कुणालाही विचारा.

गोष्ट १९९३ सालची. मी कुरुंदवाडची. मंगल आमच्या गल्लीतली, चार घरं सोडून. पहिलीपासून बीएस्सीपर्यंत एकाच बाकावर. जयसिंगपूरच्या कॉलेजला रोज एकाच एसटीनं जायचो, एकीनं जागा धरायची आणि दुसरीनं जर्नलं सांभाळायची. बीएस्सीनंतर एमएस्सी कुठं करायची हा प्रश्न होता. मला पुण्याला जायचं होतं. नुसतं वाटत होतं असं नाही, दोन वर्षं मी त्याचीच स्वप्नं बघत होते. पुण्याचा फॉर्म मी मे महिन्यात भरला, मुदत मे अखेरचीच होती. मंगलनं भरला नाही. 'आबा पुण्याला पाठवणार न्हाईत' म्हणाली. तिचे वडील तसे कडकच होते, मला खरं वाटलं. कोल्हापूरचा फॉर्म मात्र दोघींनी भरला.

जूनमध्ये आम्ही दोघी कोल्हापूर बघायला गेलो. म्हणजे विद्यापीठ, राहायची खोली, खानावळ, सगळंच. सकाळी कॅम्पस फिरलो. मला आवडलं, खोटं कशाला बोलू... लांबच लांब रस्ते, झाडं, डिपार्टमेंटच्या पायऱ्यांवर चहाचे ग्लास घेऊन बसलेली पोरं. एका ताईनं आम्हाला लॅब दाखवली आणि कुठले सर चिडके आहेत तेही सांगितलं. पण पुणे ते पुणे, हे माझ्या डोक्यात पक्कं होतं.

हॉस्टेलची खात्री नव्हती म्हणून आण्णांनी, माझ्या वडिलांनी, शिवाजी पेठेतल्या एका ओळखीच्या घराचा पत्ता दिला होता. दोन कॉटची खोली होती. तिथून दोन दारं पलीकडं एका काकूंची घरगुती खानावळ. आम्ही गेलो तेव्हा दुपारचा दीड वाजला असेल. लख्ख ऊन. पाच-सहा मुलं जेवत होती. भिंतीला ताटांची मांडणी होती, कारण तिथं ज्याचं त्याचं ताट असायचं. घरून आणायचं, नाव घालून.

आम्ही दारात चपला काढल्या. काकू आतून भाकरीचं पीठ लागलेले हात पुसत आल्या, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आज लवकर आलीस? घे, तुझं ताट वरच्या फळीवर हाय."

मला वाटलं मागं कुणीतरी उभं आहे. मागं कुणी नव्हतं.

"काकू, आम्ही नवीन आहोत. बघायला आलोय," मी म्हटलं.

"कसली नवीन? कांदा-बटाटा नको, रात्रीचं दिवस मावळायच्या आत वाढायचं. सगळं ठाऊक हाय की मला."

आता कुरुंदवाडकडची पोरगी जैन असणार, एवढा अंदाज कुणीही बांधेल. पण मी गाव सांगितलंच नव्हतं. मी वर हात घालून ताट काढलं. स्टीलचं, काठाला एका बाजूला पोच आलेला. मधोमध ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेलं होतं: कु. विमल आ. चौगुले, कुरुंदवाड. नावाखाली कमळ. त्याच्याखाली 'ऑगस्ट' आणि साल. साल मी नीट वाचलं नाही. मागच्या ऑगस्टचं असणार, आपल्याच नावाची दुसरी कुणी असेल, असं मी मनाशी म्हटलं. पण आमच्या गावात विमल चौगुले मी एकटीच, आणि माझ्या वडिलांचं नाव आदगोंडा.

मंगलनं हसत विचारलं, "आणि माझं कुठाय ओ काकू?"

काकूंनी तिच्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं. "तू कुठं जेवत हुतीस बाई? ही एकटीच येती."

जेवलो. मी अर्ध्या भाकरीवर उठले. मंगलनं दोनदा आमटी मागून घेतली. बाहेर पडल्यावर तीच म्हणाली, "इमल, तुझं ताटसुद्धा तयार हाय बघ हितं. देवाच्याच मनात हाय तू कोल्हापूरला यावं." मी विचारलं, आणि ते 'एकटीच येती' म्हणाल्या त्याचं काय? "काकूंना चष्मा लागलाय," म्हणाली.

जुलैत पुण्याचं पत्र आलं. माझं नाव यादीत होतं. मी ते पत्र घेऊन पळत मंगलकडं गेले, आणि ती रडायलाच लागली. "तू पुण्याला गेलीस की आबा माझं लगीन उरकणार. तू कोल्हापूरला असशील तरच तुझ्या भरवशावर पाठवतील मला." चार दिवस हेच चाललं होतं. आणि मध्येमध्ये ते ताट. "त्याला काय अर्थ असंल का न्हाय?" असं ती म्हणायची. मी, जी मांजर आडवं गेलं तर त्याला दूध घालेन, ती मी त्या ताटापुढं डळमळले. आण्णा म्हणाले, "जागा तुझी, तुझं तू ठरीव." मी ठरवलं. जागा नको असल्याचं पत्र लिहिलं. मंगल म्हणाली, "आण हिकडं, मी टाकतो पोस्टात." आमच्याकडं बायका 'टाकतो'च म्हणतात. मी तिच्या हातात दिलं.

ऑगस्टमध्ये मी ट्रंक घेऊन शिवाजी पेठेत आले. आण्णा सोडून गेले. मंगल दोन दिवसांनी येणार होती. आईनं निघायच्या आदल्या दिवशी बाजारातून नवं ताट आणून त्यावर नाव घालून घेतलं होतं. खानावळीत जाताना मी ते पिशवीतून काढलं आणि रस्त्यातच थांबले. तेच नाव, तेच कमळ, कमळाखाली ऑगस्ट आणि चालू साल. त्याच्यावर नाव घालणाऱ्या माणसाचं मशीन ठरलेलं, कमळ ठरलेलं, हे सगळं मी स्वतःला सांगून झालं. पोच तेवढा नव्हता.

काकूंनी दारात विचारलं, "नवीन काय? नाव काय तुझं?" अगदी सहज. मी जूनचं सांगितलं तर त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. वरच्या फळीवर डाळीचे डबे होते. "वर्सानुवर्स तिथं डबेच हायत बाळा," म्हणाल्या. मी पुढं त्यांच्याकडं दोन वर्षं जेवले. गोड बाई, खोटं बोलणारी नव्हे. आणि दिवाळीच्या आधी ते ताट मोरीत हातातून निसटलं, काठाला पोच आला. कुठल्या बाजूला ते लिहीत नाही, तुम्हाला कळलंच असेल.

मंगल दोन दिवसांनी आली नाही. आठव्या दिवशी पुण्याहून इनलँड आलं. 'मी वेटिंगला पहिली होतो. एक जागा रिकामी झाली. आबा तयार झाले. तुला तोंडावर सांगायला जीभ रेटली नाही. रागावू नको.'

एक जागा रिकामी झाली! माझीच जागा. माझ्याच अक्षरातलं पत्र, तिनंच पोस्टात टाकलेलं. मी ते इनलँड रिकाम्या कॉटवर बसून वाचलं आणि दिवस मावळून गेला तरी जेवायला गेले नाही. दुसऱ्या दिवसापासून एकटी जात होते. काकू वाढताना विचारायच्या, "मैत्रीण कुठली न्हाय व्हय तुला?" मला इतकं लागायचं की मी पाणी पिण्याचं निमित्त करून उठायची.

त्यानंतर पंधरा वर्षांनी गावातल्या एका लग्नात ती भेटली. पुण्यात मोठ्या कंपनीत आहे. पंगतीत मुद्दाम माझ्या शेजारी येऊन बसली. इकडचं तिकडचं झाल्यावर हळूच म्हणाली, "तुला ते काकूंचं आठवतंय? ही एकटीच येती म्हणाल्या होत्या. मला तेव्हाच कळलं, हे असंच होणार. मग मी ठरवलं. माझ्या हातात काय होतं सांग?"

मी म्हटलं, "मंगल, काकूंकडं आपण गेलो जूनमध्ये. पुण्याच्या फॉर्मची मुदत मे अखेर होती. वेटिंगला नाव लागायला फॉर्म भरावा लागतो."

तिनं ताट पुढं सरकवलं. मग वाढप्याला म्हणाली, "इकडं जिलेबी वाढा."

एवढंच आहे. त्या काकू आता नाहीत. त्यांनी जूनमध्ये मला कुठून ओळखलं, जे ताट दोन महिन्यांनी बाजारातून यायचं होतं ते माझ्या हातात कसं आलं, हे मला आजतागायत उलगडलेलं नाही. नवरा म्हणतो, उन्हात फिरून चक्कर आली असेल. पण मग मंगललाही तेच कसं दिसलं, यावर तो पेपर उघडून बसतो. इथं कुणाला असा अनुभव असेल, काही सुचत असेल, तर जरूर लिहा, मी सगळं वाचेन.

फक्त मंगलबद्दल कुणी माझी समजूत घालू नका. ते मला कळलेलं आहे.