खोली ओढणारी जीप

१० फेब्रुवारी १९९१, रविवार. मागितलेली किंमत अडतीस हजार रुपये. हजर तिघे: मी, माझी बायको आणि जीपचे म्हातारे मालक. त्यांना सगळं अमळनेर आबा म्हणायचं.

जीप हवी होती ती खोली ओढायला. रस्त्याच्या कामावर रोलरच्या मागे चाकांवरची एक पत्र्याची खोली असते, ड्रायव्हरचं बिऱ्हाड तिच्यात राहतं. तसली एक मी लिलावात घेतली होती. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात आम्ही दोघंच. बायकोच्या मनात लग्नापासून तोरणमाळ होतं, पण पाठीच्या दुखण्यामुळे तिला एसटीत तासाच्या वर बसवत नसे. ती म्हणायची, "घरच सोबत आलं तर येईन मी. आडवी पडून येईन." म्हणून खोलीत खाट टाकली, स्टोव्ह आणि पाण्याचं पिंप ठेवलं. खिडकीला तिने जुन्या लुगड्याचा पडदा शिवला. हे सगळं तोरणमाळचा घाट चढवेल अशी भरवशाची जुनी जीप पाहिजे होती.

मी कापसाच्या जिनिंगमध्ये काट्यावरचा कारकून. वजन ठाऊक नसताना इंजिन कसं ठरवायचं? खोली सामानासकट जिनच्या भुईकाट्यावर चढवली. अकराशे चाळीस किलो भरली. बायको शेजारच्या लहान काट्यावर उभी राहिली.

"मलाही मोजा. आणि ओलीची कट्टी किती धरणार?"

कापूस ओला आला की आम्ही वजनातून काही किलो कापतो, ती कट्टी. ती भरली चोपन्न किलो. कट्टी न धरता वहीत लिहिलं.

आबांची जीप मूळची पेट्रोलची, नंतर डिझेल इंजिन बसवलेली. मी खाली झोपून चासी पाहिली, नंबर खडूने घासून आरसी बुकाशी ताडला, धुराड्यापुढे पांढरा रुमाल धरला. दोन तास गेले. आबांनी बिडी विझवली.

"नाना, तुम्हले जीप लेनी शे का पोर देनी शे?"

"मला दिलं तेव्हा माझ्या बापाने यांना एवढं तपासलं नव्हतं हो, आबा," बायको म्हणाली. आबा हसले आणि तिचं माहेर विचारलं. बोरीकाठचं गाव निघालं, त्यांचंच. त्यांनी जागेवर पाचशे कमी केले.

मग खोली जोडून धुळ्याच्या रस्त्याने चाचणी घेतली. चढाला क्लच जळल्याचा वास आला. गाडी थांबली नाही, पण वास आला. मी नको म्हणालो. परतताना ती म्हणाली, "घेऊन टाका ना. हॉर्न किती छान आहे." हॉर्नवरून गाडी घेत नसतात, हे मी तिला घरी येईपर्यंत समजावलं.

मार्चमध्ये जळगावची एक जीप पाहिली. चासीला वेल्डिंग करून वर रंग दिलेला होता. मेमध्ये दीपनगरची पाहिली. ती चांगली होती. मागचे टायर रिमोल्ड होते म्हणून मी दोन हजार कमी मागितले आणि आठवडाभर अडून बसलो. ती दुसऱ्याने नेली.

प्रत्येक खेपेआधी मी सगळं वजन नव्याने करी, कारण सामान बदलत असे. बायको हौसेने काट्यावर चढे. मार्चमध्ये एक्कावन्न. मेमध्ये सत्तेचाळीस.

हे मी माझ्या हाताने लिहिलं आहे. जिनमध्ये हिवाळ्यात घेतलेला कापूस उन्हाळ्यात सुकतो, गंजीचं वजन घटतं. कोणी विचारत नाही, घट म्हणून लिहितात. मीही तिच्या आकड्यापुढे तेच लिहिलं: घट, उन्हाळा. ती जेवण टाकत होती, तेही उन्हामुळे असं मी धरलं. आणि सात किलो ओझं कमी झालं म्हणून मनात बरं वाटलं, हेही खरं आहे. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या मालाची घट पकडणारा माणूस मी.

जुलैत ती खाटेवरून उठेना. गावातल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि तो तिथेच ठेवून मला म्हणाले, "आजच धुळ्याला न्या." तिला बसवत नव्हतं. मी आबांकडे गेलो. त्यांनी जेवणाचं ताट तसंच सारलं आणि जीप काढली. खोली जोडली. तिला आत खाटेवर निजवलं, मी खाली बसलो. चढाला पुन्हा तोच वास आला. जीप थांबली नाही. धुळ्यापर्यंत एकदाही थांबली नाही.

तिने पडदा बाजूला करायला सांगितला. थोडा वेळ बाहेर पाहिलं.

"हीच ना ती? हॉर्नवाली?"

"हो."

"मग वाजवायला सांगा की."

मी पत्र्यावर थाप मारून ओरडलो. आबांनी हॉर्न दिला. मोकळ्या रस्त्यावर, समोर कोणी नसताना.

दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, "वजन कधीपासून कमी होतंय?" मी वही पुढे केली. तारखा, आकडे, शेरा. त्यांनी पान वाचलं, शेरा वाचला, वही मिटून परत दिली. म्हणाले, "फेब्रुवारी-मार्चात आणायला हवं होतं." फेब्रुवारीत दारात जीप उभी होती.

एकोणीस दिवस खोली दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली होती. मी तिच्यातच राहिलो. स्टोव्हवर पेज करून वॉर्डात नेत असे. तिने एकदा विचारलं, "पाऊस आत येतो का हो?" येत नव्हता. ते काम मी नीट केलं होतं.

विसाव्या दिवशी सकाळी आबा पुन्हा जीप घेऊन आले. त्याच खाटेवरून आम्ही तिला अमळनेरला आणलं.

तेरावं झाल्यावर मी आबांकडे गेलो, भाडं विचारलं. मी वही उघडून जाऊन-येऊन डिझेलचा हिशेब सांगू लागलो. त्यांनी हात धरला.

"जातानं दे. येतानं नही. गावनी पोर शे ती. तिले खांदा देवानं भाडं लेतस का कोनी?"

जातानाच्या डिझेलचे चाळीस रुपये मी आबांच्या हातावर ठेवले.