सोमलिंग मास्तरांची बर्फावरची गाडी

पंच्याहत्तर साली कुंभारीच्या आमच्या शाळेत दोघंच हंगामी होतो. चौथीचे सोमलिंग मास्तर आणि तिसरीची मी, विजयमाला बाई. तपासणीत शेरा चांगला पडला तर कायम, नाहीतर जूनमध्ये ट्रंक उचलायची आणि धाडतील तिकडं जायचं. मास्तरांची सहा वर्षांत चार गावं झाली होती. घरी म्हातारी आई, शिवम्मा, डोळ्यांनी अधू. दर बदलीला तिला नवं घर हातानं चाचपून शिकावं लागायचं. "आता ह्या घरातनं मला हलवू नगं बाबा," एवढंच ती म्हणायची.

अशा माणसानं खाली मान घालून पाढे घ्यावेत की नाही? छे! ह्यांनी सोलापुरातल्या रद्दीच्या दुकानातून एक विलायती मासिक आणलं. त्यात अलास्कातल्या शर्यतीचे फोटो. बर्फावर बिनचाकाची गाडी, तिला डझनभर कुत्री जुंपलेली, मागं केसाळ टोपडं घातलेला माणूस, आणि शेकडो मैल तसंच पळायचं. मास्तरांनी चौथीचं सगळं गणित आणि भूगोल त्या कुत्र्यांच्या गळ्यात बांधला. भिंतीवर खडूनं वाट काढली. वर्गानं त्या दिवसाची गणितं बरोबर सोडवली की गाडी दहा मैल पुढं. कुत्र्यांना नावं मात्र गावातल्याच कुत्र्यांची.

बाहेर अंगाची लाही होतीय आणि आत पोरं बर्फात कुडकुडतायत! बर्फ त्यांनी पाहिलेला तो सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, गारेगारवाल्याकडं. मी मास्तरांना म्हणायची, "अहो, आपल्याकडच्या बैलगाड्या काय मेल्या?" ते हसायचे. "बाई, बैल ती रोजच बघत्यात. कुत्र्यानं गाडी ओढलेली बघायला तरी येतील की." आणि आली की! शेरडं राखणारी जगदेवीसुद्धा रोज हजर. हेडमास्तर चन्नप्पांनी आधी कपाळाला हात लावला, पण हजेरीपट भरलेला दिसल्यावर गप्प बसले. माझी तिसरी बिचारी पाढे म्हणता म्हणता पेंगायची. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

मार्चमध्ये तपासणीला आले ते साहेब नवे, जिल्ह्याबाहेरचे. चौथीची भिंत बघून खूश झाले. म्हणाले, "वा, हे काहीतरी वेगळं आहे." मग हौसेनं स्वतःच गणित घातलं. "शर्यत नऊशे मैलांची. गाडी रोज शंभर मैल जाते. शनिवारी सकाळी निघाली, तर किती दिवसांत पोहोचेल?" आमच्या दोन वर्गांमध्ये भिंत नव्हती, त्यामुळं मी सगळं ऐकत होते. बत्तीस पाट्या वर झाल्या. बत्तीसही पाट्यांवर अकरा.

साहेबांचा चेहरा उतरला. सगळ्यांची एकच चूक म्हणजे नक्कल, दुसरं काय? त्यांनी जगदेवीला उठवलं.

"नऊशे भागिले शंभर किती?"

"नऊ."

"मग अकरा कुठून आले?"

"मधी दोन सोमवार येत्यात की, सायेब."

"सोमवारचं काय?"

पोरीनं साहेबांकडं काय कीव करून बघितलं म्हणता! "सोमवारी जू न्हाय ठिवत. बसवण्णाचा वार हाय. कुत्री झाली म्हणून काय झालं, त्येंनीबी गाडीच वडायची न्हवं?"

आमच्या भागात सोमवार बसवण्णाचा, म्हणजे नंदीचा; त्या दिवशी बैल जुंपत नाहीत. पेरणी खोळंबली तरी नाही. भिंतीवरची गाडीसुद्धा सोमवारी जागची हलायची नाही. पोरांनीच तसं ठरवलेलं, आणि मास्तर पडले शेतकऱ्याचे, त्यांना त्यात वावगं काहीच दिसलं नाही.

साहेब भले होते, उगाच नावं ठेवणार नाही. म्हणाले, "मास्तर, अलास्कात बसवण्णा नाही. पोरांना सांगा, उत्तर नऊ. पाट्या पुसायला लावा आणि विषय संपवा. मला शेरा चांगलाच लिहायचाय."

मास्तरांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. ते म्हणाले, "साहेब, वार तुम्ही सांगितला. सांगितला नसता तर नऊच आले असते. पोरांचं चुकलं न्हाय, मग पुसा कसं म्हणू?"

अहो, पुसायचं की! खडूचं अक्षर ते, कुणाचा जीव जाणार होता? घरी ती आंधळी आई, आणि ह्यांना आत्ताच शहाणपण सुचावं! माझा नुसता संताप संताप झाला.

साहेब वैतागून माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही सांगा. किती दिवस?"

माझ्या बापानं उभ्या जन्मात सोमवारी बैल जुंपला नाही. बत्तीस पोरं माझ्या तोंडाकडं बघत होती.

"नऊ," मी म्हणाले.

"शाबास," साहेब म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं.

जूनमध्ये माझी कायमची ऑर्डर आली. मास्तरांच्या शेऱ्यात 'विषय अप्रस्तुत, मूलभूत गणित कच्चे' असं पडलं आणि बदली झाली टेंभुर्णीच्याही पलीकडं. तोंड दाखवायची लाज वाटत होती, तरी मी एसटीपर्यंत गेले. चिडतील, चार शब्द ऐकवतील, अशी मनाची तयारी केली होती. मास्तरांनी आधी आईला हात धरून गाडीत चढवलं, तिची ट्रंक आत सरकवली. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "बाई, मनाला लावून घेऊ नका. तुमचं बरोबरच होतं. भागाकार नऊच येतो."

चार शिव्या घातल्या असत्या ना त्या माणसानं, तर आज मी माझी पेन्शन सुखानं खाल्ली असती.